चौकटीसाठी थांबलेली भिंत

अल-खोबर,
१२ ऑक्टोबर १९९०

ती. शरफुन्निसा आपास,
नदीमचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अब्बांच्या खोकल्याचं वाचून कशात जीव लागत नाही. रेडिओ ऐकून तुम्ही मात्र घाबरू नका. कुवेत इथून फार लांब नाही हे खरं, लष्कराच्या गाड्याही दिसतात, पण कामं चालू आहेत, तुझ्या भाचीची, मेहेकची शाळा चालू आहे, आणि मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते तेही चालूच आहे.

आता माझी बातमी. माझे कफील, म्हणजे ज्यांच्या जामिनावर मी इथे काम करतो ते हम्माद, यांच्या आईसाठी मी घर बांधतोय. एसीच्या गारव्याने म्हातारीची छाती भरते. लहानपणी ती मातीच्या घरात वाढली, तसंच घर तिला परत हवंय. हुफूफजवळच्या त्यांच्या खजुराच्या बागेत काम काढलंय. बागेतलीच माती, पेंढा घालून तुडवलेली, उन्हात वाळवलेल्या विटा. छपराला पाडलेल्या घरांची जुनी लाकडं, वर झावळ्या आणि माती. वारा खेळावा म्हणून भिंतीत वर झरोके. सिमेंटची एक गोणी नाही. इतकी वर्षं काचेच्या इमारतींचे नकाशे काढले, आता कुठे मनासारखं काम हाती आलंय. म्हातारी दर जुम्याला मोटारीतून येते, विटेवर हात ठेवून बसते आणि आत कधी येऊ म्हणून विचारते.

अब्बांना विचार, मातीच्या भिंतीत चौकट कशी बसवू. चौकटही जुन्या लाकडाचीच हवी आहे.

तुझी माया आहेच, ती टपालाने लवकर येऊ दे.
नदीम

हर्णै,
४ नोव्हेंबर १९९०

चि. नदीम यास,
अनेक दुवा. वि. वि.

शिकलास, इंजिनीयर झालास, विमानात बसून गेलास, आणि करतोस काय तर चिखल तुडवतोस. इथं चिखल कमी होता काय? गावात जो तो स्लॅब टाकतोय आणि आमचे बंधुराज सौदीत मातीचं घर बांधतात. तुझ्या बायकोला, अदिबाला विचार, तिला हसू येत नाही का.

अब्बांनी मात्र तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, त्यांना बरं वाटलं. त्यांचा निरोप असा, की चौकट उभी राहिल्याशिवाय दर्शनी भिंत चढवायची नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हात चौकटीला लागायचा, फातिहा द्यायचा, मग काम पुढे. आपल्याकडे हे असंच चालत आलंय. त्यांनी बसवलेली एकही चौकट हललेली नाही, हेही लिहायला सांगितलं.

तू कधी येतोस हे ते स्वतः विचारत नाहीत, मला विचारायला लावतात. म्हणून विचारते.

सर्वांवर जीव आहे तसा आमच्यावरही असू दे.
तुझी आपा

अल-खोबर,
१८ डिसेंबर १९९०

ती. आपास,
सलाम. वि. वि.

अब्बांना सांग, त्यांचा शब्द मी खाली पडू दिला नाही. तिन्ही भिंती झाल्या, छप्पर झालं, दर्शनी भिंत तेवढी थांबवली आहे. इथले कारागीर माझ्यावर वैतागले आहेत. त्यांच्याकडे भिंतीत जागा सोडतात आणि दरवाजा मागाहून बसवतात. ते म्हणाले, भिंत चढवू, दाराला घोंगडी लावू, म्हातारीला आत येऊ दे. मी ऐकलं नाही.

रियाधला अल सुलैच्या वखारींत आपल्या बाणकोटचा सिराजुद्दीन पाडलेल्या घरांचं लाकूड विकतो. त्याच्याकडे रंगीत नक्षीचा जुना दरवाजा सापडला, चौकटीसकट. म्हातारीच्या माहेरी असाच होता म्हणे. पण ट्रक सगळे लष्कराच्या कामाला लागलेत. सिराजुद्दीन दर आठवड्याला यल्ला, चल होईल, पुढच्या आठवड्यात, एवढंच म्हणतो. हम्माद म्हणाले, दम्मामहून नवा दरवाजा आणून लाव. मी हट्टाला पेटलो. जुन्या धाटणीच्या घराला नवं लाकूड शोभायचं नाही.

हे घर पुरं झालं की रजा घेतो. अब्बांना तसं सांग.

आहे तो लोभ उणा होऊ देऊ नकोस.
नदीम

अल-खोबर,
२ फेब्रुवारी १९९१

ती. आपास,
सलाम. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप आहोत. भोंगा वाजला की मास्क चढवून बसतो. विषारी वायूच्या भीतीने घरोघरी एक खोली प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली आहे. हम्माद यांच्याकडेही तेच.

आपा, म्हातारी गेली. वायू नाही, मिसाईल नाही, तिची छातीच भरली. लढाई पेटण्याआधी हम्माद यांनी मला विचारलं होतं, की आईला आता बागेत हलवू का. मी म्हटलं, आठवडाभर थांबा, चौकट येतेय. मग भोंगे सुरू झाले आणि तिला त्या बंद खोलीत ठेवलं. शेवटपर्यंत खिडकी उघडा म्हणत होती. मी वाऱ्यासाठी झरोके ठेवलेलं घर तिकडे रिकामं होतं. एका घोंगडीचं काम होतं आणि मी करू दिलं नाही. हम्माद मला एका शब्दाने बोलले नाहीत. खलास, म्हणजे झालं ते झालं, एवढंच म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दरवाजा परवा आला. चौकट उभी केली. हात कुणाचा लावायचा, म्हणून तशीच ठेवली आहे.

अब्बांना यातलं काही सांगू नकोस, ते स्वतःला लावून घेतील. आणि एवढ्यात माझी वाटही बघू नका. हे घर पुरं केल्याशिवाय मला तोंड वर करून यायला जमणार नाही.

माझ्यासाठी दुवा कर.
नदीम

हर्णै,
१० मार्च १९९१

चि. नदीम यास,
तुझा अब्बा बदरुद्दीन याचे अनेक दुवा. वि. वि.

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

शरफूने मला सांगितलं, की म्हातारी चौकटीला हात लावून आत गेली आणि खूश झाली. मी विचारलं, आत जाऊन काय म्हणाली? शरफू चूल बघायला म्हणून उठून गेली. मग मी काय ते समजलो, म्हातारी आत न जाताच अल्लाघरी गेली. ती बाई खरंच आत गेली असती तर तू चार पानं लिहिली असतीस, आणि शरफूने ती मला दोनदा वाचून दाखवली असती. तिला रागावू नकोस.

आमच्या वेळी सुतार शेजारच्या वाडीत असायचा. चौकटीसाठी थांबायचं म्हणजे फार तर बाजाराच्या दिवसापर्यंत. तुझ्याकडे लढाई आहे, लाकूड दुसऱ्या गावात आहे, हे मला कळायला हवं होतं. गोणपाट लाव आणि म्हातारं माणूस आधी आत घे, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, तू विचार केला नाहीस. चूक आपण दोघांनी अर्धी अर्धी घेऊ.

ती भिंत आता कारागिरांना चढवू दे. चौकटीला हम्माद यांचा हात लाव, त्यांच्या आईचं घर आहे ते.

लढाई संपली असं रेडिओवर सांगतात. माझी छाती आताशा बरी नसते, मला खिडकी उघडी लागते. हे पुरं करून येतो, ते पुरं करून येतो, असं करू नकोस. घर अर्धं टाकून ये. मी आहे तोवर ये.

तुझा अब्बा