दोन पाळ्यांची गाडी

प्रिय रातपाळी,

पत्र हातात पडलं की आधी एक काम कर. तुझ्याकडची गाडीची चावी शोध. सापडली की पोस्टाने पाठवू नकोस, जड वस्तू पाकीट फाडून वाटेत पडते. तुझ्या मुलाच्या हातीही देऊ नकोस, तो खिशात विसरेल. शनिवारच्या आत स्वतः घेऊन ये. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो आणि तुला वाटतं मी भांडतोय. माझं शिक्षण तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर जुळवून घे.

आपली टॅक्सी भंगारात द्यायची ठरली आहे. शनिवारी सकाळी ट्रक येणार. लगेच पत्र भिरकावू नकोस, पुढे वाच. तुला न विचारता ठरवलं हे खरं. पण अंगणात उभी राहून राहून तिचा पत्रा खालून असा कुजलाय की परवा मागचं दार उघडलं तर ते माझ्या हातातच आलं. आमचा मुलगा म्हणाला, बाबा, पोरं तिच्यात खेळतात, उद्या कुणाचा हात कापला म्हणजे? कागदावर नाव माझं असलं तरी गाडी निम्मी तुझी, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, मग काकांना कळवा. म्हणून कळवतोय.

भंगारवाल्याने सांगितलंय, आतलं सामान काढा, कागद तयार ठेवा, चाकांत हवा भरा, म्हणजे फाटकापर्यंत ढकलता येईल. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. हवा भरली, ती उतरली. पुन्हा भरली. आता तासातासाला जाऊन टायर दाबून बघतो. ट्रक गल्लीत वळेल का, समोरच्यांची भिंत घासली तर काय, ऐन वेळी पाऊस आला तर, ब्रेक धरून बसले असले तर? काल गाडी धुतली, काचा पुसल्या. तुझी वहिनी दारातून म्हणाली, अहो, गाडी न्यायला येणार आहेत की मुलगी बघायला? हसू दे तिला. मळकी गाडी मी कधी कुणाच्या हवाली केली आहे का? तुझ्या तरी?

सीटखालून काय काय निघालं म्हणून सांगू! कुणाची तरी केसांची पिन, लहान पोराचा एक मोजा, रात्री जागं राहायला तू चघळायचास त्या लवंगा. आणि ते पिवळं फडकं. आठवतं ना? लिहायचा दोघांनाही कंटाळा, आणि गल्लीच्या तोंडाशी गाठ पडायची ती चावी हातात देण्यापुरती. म्हणून फडक्याला गाठी मारून ठेवायचो. एक गाठ म्हणजे पेट्रोल संपत आलंय, दोन म्हणजे गॅरेजला दाखव, तीन म्हणजे ब्रेक नीट लागत नाहीत. एकदा सकाळी बघतो तर फडक्याला गाठीच गाठी, मोजता येईनात. मी घाबरून गाडी ढकलत गॅरेजला नेली. मिस्त्रीने सगळी उघडली, सगळी जोडली, काही सापडेना. शेवटी मलाच म्हणाला, तुमचं डोकं तपासून घ्या. संध्याकाळी तू हसत हसत आलास आणि म्हणालास, अरे, मुलगा झाला! लेका, आनंदाची गाठ कोणती हे आपलं कधी ठरलं होतं?

सीटवरून मात्र आपण खरंच भांडलो. तू ठेंगणा, सीट पार पुढे ओढणार, वर उशी ठेवणार. सकाळी मी घाईत बसलो की गुडघा धाडकन स्टिअरिंगवर. आरशात बघावं तर नुसतं स्वतःचं पोट. मग मी शिव्या देत सीट मागे सारायचो. संध्याकाळी तुझे पाय पोचायचे नाहीत, मग तू शिव्या द्यायचास. या ओढाओढीत सीटचा खटकाच झिजला. दोघांच्या कंबरा दुखायला लागल्या, तेव्हाही प्रत्येकाने दोष दुसऱ्याच्या बसण्याला दिला.

आज आतलं पुसताना माझ्या लक्षात आलं आणि मी तिथंच बसून राहिलो. आपण दोघं या गाडीत एकत्र कधी बसलोच नाही. तू आत असलास की मी घरी, मी आत असलो की तू झोपलेला. तुझ्या मुलाच्या लग्नात मी गाडीतून पाहुणे आणत होतो आणि तू मांडवात उभा. साऱ्या गावाला फिरवलं आपण, पण एकमेकांना नाही.

आता खरं सांगतो. चावीचं काही अडलेलं नाही. भंगारवाला म्हणाला, एक चावी पुरे, आणि ती माझ्याजवळ आहे. पण गाडी फाटकापर्यंत ढकलताना स्टिअरिंग सरळ धरायला आत माणूस लागतो. मुलगा म्हणाला, मी बसतो. मी म्हणालो, तू मागून ढकल, माणूस येतोय. तो विचारतोय, कोण माणूस, येणार नक्की? मी हो म्हणून बसलोय. तुझा गुडघा धरतो हे ठाऊक आहे, बसस्टँडवर मुलाला पाठवतो, पण ये. अंतर अंगणापासून फाटकापर्यंतच आहे, तेवढं मी तुझ्या शेजारी बसेन आणि तू कशीही चालवलीस तरी बोलणार नाही. उशी उन्हात घालून ठेवली आहे. सीट पुढे ओढून ठेवली आहे.

तुझाच,
दिवसपाळी