लेपाखालचा ठसा

अप्पा,

आज नातीच्या घरी सुतार आला होता. जुन्या चौकटीवर हात फिरवत म्हणाला, "हे ब्रह्मदेशी सागवान हाय, आज्जी. आता असलं मिळत न्हाई." मी मान डोलावली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली, तरी त्या लाकडाचं नाव निघालं की माझं तोंड उतरतं.

तुम्ही गुलबर्ग्याच्या लाकडाच्या वखारीत मोजणीला होता. निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि मालकांना माझ्या अक्षराचं भारी कौतुक. वखारीत ब्रह्मदेशाचा साग किती, सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, किती, दोन्ही मोजून कागद द्या, पुढची मागणी त्यावरच ठरेल, असा त्यांचा निरोप आला तेव्हा तुम्ही तापानं फणफणला होता. म्हणून मी गेले. ओंडक्याच्या टोकावर देशाचा ठसा असतो, तो बघायचा आणि त्या रकान्यात रेघ मारायची, एवढंच काम. पण उन्हानं टोकं फाटू नयेत म्हणून तुम्ही त्यांना शेणमातीचा लेप द्यायचात, तोही आधी तुमच्या लाडक्या ब्रह्मदेशाला. लेपाखालचा ठसा दिसेना. उघड्या टोकांवर बहुतेक सयामच होता, मग लेपलेलेही मी सयामच्याच रकान्यात ढकलले. घरी अंथरुणावर उठून बसून तुम्ही कागद बघितलात. "ब्रह्मदेश एवढा कमी कसा गं? टोकं खरवडून बघितलीस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय अप्पा, एकूण एक." "मग बरोबर असंल. माझ्या अंदाजापरीस तुझी शाळा मोठी," म्हणालात आणि खाली सही केलीत.

ब्रह्मदेशाचा माल संपत आला असं समजून मालकांनी तोच मागवला. रेल्वेच्या वाघिणी भरून आल्या आणि वखारीत पाय ठेवायला जागा उरेना. थप्प्या हलवताना हमालांनी लेप खरवडला, तर ठशामागून ठसा ब्रह्मदेशाचाच! मालक सगळ्यांदेखत ओरडले, "डोळे फुटले होते का तुझे? कामून सही केलीस?" तुम्हाला कुणी अरे-तुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुम्ही हात जोडलेत. "पोरीनं खरवडलं हुतं, मालक. लेप मीच जाड दिला, ठसा वर आला न्हाई. चूक माझी." मी फाटकापाशी तुमचा डबा घेऊन उभी होते. तोंड उघडायला काय झालं होतं मला? नाही उघडलं. मोजणी दुसऱ्याकडं गेली आणि तुम्हाला फाटकावर राखणीला बसवलं. घरी आईला, आपल्या अव्वाला, सांगायचात, "हात बिघडले माझे. पैल्यासारखा लेप बसत न्हाई." मी चुलीपुढं बसून ते ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. अप्पा, तुमच्या हातांना काही झालं नव्हतं. लाज वाटते मला.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? आणि पोचलं असतं तरी तुम्ही "जाऊ दे गं" म्हणाला असतात, तेच मला सोसलं नसतं. घाई होती, ऊन होतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. घाई कसली! अख्खी दुपार माझीच होती, खुरपंही तिथंच पडलं होतं. शाळेसाठी घेतलेली पहिली नवी साडी मी नेसले होते. तिला शेण लागेल म्हणून मी एकही टोक खरवडलं नाही.