बॅटरी रोज का उतरते

नाना,

गाडीची बॅटरी पुन्हा उतरली, आणि या वेळी मला खात्री होती की हे कोणीतरी मुद्दाम करतंय. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, काय मोजलंस ते आधी सांग, काय वाटतं ते नंतर. माझं नेहमीच उलटं होतं. नववीत नापास झालो तेव्हाही मी मास्तरांवरच संशय घेतला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्याहून म्हातारा आहे. एका गुडघ्यात वाटी बसवली आहे, त्यामुळे किक मारता येत नाही. बटण दाबल्यावर सेल्फ लागला तर मी बाहेर, नाही लागला तर घरात. भाजी, बँक, गंगेच्या घाटावर संध्याकाळी बसणारी आमची चार डोकी, ओझरला ताईकडे जाणं, सगळं त्या एका बटणावर अडलेलं. म्हणून त्यात कोणी हात घातला असेल तर तो मला घरात बसवण्यासाठीच, असं मी धरून चाललो.

पहिला संशय कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीवर. बॅटरी बसलीय बाबा, नवी टाका, असं म्हणून त्याने नवी टाकली. आठवड्यात तीही मेली. परत गेलो तर गाडीला हातही न लावता म्हणाला, मग रेग्युलेटर असेल. मला वाटलं, याने जुन्याच बॅटरीवर नवं स्टिकर चिकटवलं. मी त्याच्यासमोर बसून नखाने स्टिकर खरवडून पाहिलं. त्याने शांतपणे हात पुसले आणि म्हणाला, "बाबा, सोनाराकडे पण असंच घासून बघता का?" तिथे बसलेले दोघं हसले. स्टिकर खरं होतं. बॅटरी त्याने रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी भरून दिली, तरी मी घरी येईपर्यंत मागे वळून पाहत होतो.

दुसरा संशय मुलावर. तो पुण्याला असतो, शनिवारी येतो. दिवाळीच्या आधी आडगाव नाक्यावर आम्ही पडलो, मी आणि मागे तुमची सून. तिचं कोपर सोललं, माझं काही नाही. बस एकदम आडवी आली, असं मी मुलाला सांगितलं. त्या बसवाल्याला मी आठवडाभर शिव्या देत होतो. मुलगा म्हणाला, पपा, आता गाडी विकू, तुम्हाला कुठे जायचं असेल तर मला फोन करा, मी पुण्यातून रिक्षा मागवून देईन. मी म्हणालो, मला गंगेवर जायला पुण्याची परवानगी लागणार का? त्याच रविवारी त्याने स्वतःची कार धुतली आणि माझ्या गाडीजवळ बराच वेळ उकिडवा बसला होता. हल्ली म्हणे एवढंसं यंत्र मिळतं, गाडीत लपवायचं, मग गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. ते यंत्र बॅटरीवरच चालत असणार. मला सगळं जुळलं. मी फोनवर त्याला सरळ विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "पपा, तुम्ही रोज कुठे जाता ते अख्ख्या कॉलनीला माहितीय. यंत्र कशाला लावू?"

तरी मी मीटर काढला. तुमच्यासारखा चामड्याच्या पेटीतला काट्याचा नाही, आकडे दाखवणारा पिवळा. आणि मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसतं. रविवार आहे, आई चुलत्यांकडे गेली आहे म्हणून तुम्ही बॅटरी थेट ओट्याखाली आणून ठेवली आहे. कारखान्यात विमानांचं वायरिंग करणारा माणूस मला पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतो आहे. टाकी रिकामी का होते, याची दोनच कारणं. एक तर खालून गळतेय, नाहीतर वरून नळ येत नाही. आधी गळती बघ. चावी बंद ठेव, निगेटिव्ह वायर सोड, मधे मीटर लाव. आकडा आला तर कोणीतरी पितंय. मी तसंच केलं. आकडा आला नाही. एकदा नाही, तीनदा लावून पाहिला, कारण मला तो यायला हवा होता. कोणी पीत नव्हतं. मुलाचं यंत्र नव्हतंच. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर उलट चिडचिड झाली.

मग नळ. बॅटरी नुकतीच भरून आणलेली होती, म्हणून गाडी सेल्फवर चालू केली, मीटरची टोकं बॅटरीवर धरली आणि रेस वाढवली. रेस वाढली की आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. इथे बारा आणि काहीतरी, तिथेच अडकलेला, हेडलाइट लावला तर आणखी खाली. म्हणजे इंजिन करंट बनवत असेल नसेल, बॅटरीपर्यंत येत नव्हता. आता पाहायचं ते करंट बनवणारी कॉइल, तो आवरून बॅटरीला देणारं रेग्युलेटर आणि मधल्या वायरी. तुमचा क्रम मला पाठ आहे, पार्ट बदलायच्या आधी प्रत्येक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, हाताने उघडून बघायचा. रेग्युलेटरचा कपलर साइडच्या पत्र्याच्या आत, खूप खाली. त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं आणि कोणीतरी टॉर्च धरावा लागतो. मी तुमच्या सुनेला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "मेथी निवडतेय. तुमचं तुम्ही बघा आज."

नाना, इतक्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. तुम्हाला आठवतं ना, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही तिला टॉर्च दिला होता. आई किती दिवस टोमणे मारत होती, लोक सुनेला साडी घेतात, आमच्याकडे बॅटऱ्या घेतात. पण ती तो टॉर्च घेऊन माझ्या शेजारी बसू लागली आणि नुसती उजेड धरत नव्हती, बघत होती. एकदा मी इंडिकेटरची वायर उघडी सोडून जेवायला उठलो, तेव्हा तुम्ही मला तिच्यासमोर झापलं होतं. म्हणालात, "उघडं टोक ठेवून उठायचं नाही. झाकल्याशिवाय घास गिळायचा नाही." मला फार लागलं होतं ते. ती मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. बाहेर ओसरीत बसून मला हे सगळं आठवत होतं आणि मेथी निवडायला असा किती वेळ लागतो, असाही विचार येत होता.

टॉर्च दातात धरला आणि कसाबसा जमिनीवर बसलो. पत्रा काढला. रेग्युलेटरचा कपलर सुटलेला होता. जळालेला नाही, तुटलेला नाही, उंदराने कुरतडलेला नाही. खटका दाबून नीट सोडवलेला. आणि सुटलेली दोन्ही टोकं दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या तुकड्यात गुंडाळून वरून कोथिंबिरीच्या जुडीची रबरं लावलेली, धूळ जाऊ नये, टोकं पत्र्याला टेकू नयेत म्हणून. मिस्त्रीने हे केलं नसतं. मुलाला तर तो कपलर कुठे असतो हेही माहीत नाही.

तिने पेट्रोलचा कॉक बंद केला असता तर गाडी भर चौकात बंद पडली असती. बॅटरीची वायर काढली असती तर मला लगेच दिसलं असतं. तिने तेवढंच काढलं ज्याने रस्त्यात काही होणार नव्हतं. प्लगला करंट देणारी कॉइल वेगळी असते, एकदा चालू झालेली गाडी घरी येईपर्यंत चालते, फक्त पुढच्या वेळी सेल्फ लागत नाही. हे मीच तिला कधीतरी कौतुकाने समजावून सांगितलं होतं. मी सगळ्या जगावर संशय घेतला, आणि जिने आयुष्यभर माझ्या हातावर उजेड धरला ती मला सुचली नाही.

मी रबरं काढली, कपलर दाबून बसवला, गाडी चालू केली. आकडा चौदावर गेला. आत तिला आवाज गेला असणारच, रेस वाढवलेलीही ऐकू आली असणार. थोड्या वेळाने ती दारात आली, हात पदराला पुसत. गाडीकडे बघितलं नाही.

"सापडलं का काही?"

"रेग्युलेटर गेलंय," मी म्हणालो. "या गाडीचं आता मिळत नाही म्हणतात."

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. ती गेल्यावर मी कपलर पुन्हा सोडवला. पिशवीचा तुकडा तसाच गुंडाळला, रबरं तशीच लावली. काल ताईला फोन करून सांगितलं की या रविवारी तूच ये.

हे कागद तिच्या हाती लागू नयेत म्हणून लिहून झाले की फाडणार आहे. तिला मी काही विचारलेलं नाही. विचारलं तर ती सरळ हो म्हणेल, तिला खोटं बोलता येत नाही. मग ती मला नाक्यावरचं विचारेल. ती मागे बसली होती, माझ्या खांद्यावरून तिला सगळा रस्ता दिसत होता. नाना, ती बस आडवी आली नव्हती. सरळच येत होती. मला दिसली नाही.