मोकळा झालेला क्रमांक

३ जून
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. आधीचा माणूस न सांगता यायचा बंद झाला, त्याची ती. काम लिनक्सची पॅकेजं बांधायचं, म्हणजे संगणकावर बसवायचे प्रोग्रॅम गठ्ठा करून द्यायचे. पॅकेज बसवलं की त्याच्यापुरता एक सिस्टम युजर तयार होतो. हा माणूस नव्हे, मशीनमधला गडी. त्याला पासवर्ड नाही, फक्त एक क्रमांक. मॅडमनी बजावलं, पॅकेज काढलं तरी युजर काढायचा नाही. फाइलवर मालकाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तो मोकळा झाला की पुढच्याला मिळतो आणि मागच्याचं सगळं त्याचं होतं. घरी छकुलीला, आमच्या एकुलत्या एक लेकीला, हे रंगवून सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली.

६ जून
आधीच्याचे युजर आणि ग्रुप अडगळीसारखे पडून आहेत. माझे हात शिवशिवतात. त्याने स्वतःच्या नावाने केलेला एक युजर मी आज उडवला. कुणाला कळतंय?

७ जून
पहिलं पॅकेज बसवलं. हौसेने युजरला माझं नाव दिलं. क्रमांक मिळाला ९८४, म्हणजे त्याचाच. त्याच्या चारशे फायली आता माझ्या दिसतात.

११ जून
मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, आता त्याचं कुठलं आणि तुझं कुठलं, हे मशीनलाही सांगता यायचं नाही. जाताना त्यांनी मला त्याच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

१४ जून
दुपारी ऑफिसच्या दाराशी एक बाई डबा घेऊन उभी. अहो, विसरलात की, म्हणाली. मी तिला ओळखत नाही. तिच्या घराची तिसरी पायरी करकरते, हे मात्र मला ठाऊक होतं. पाचावर धारण बसली.

१६ जून
माझी किल्ली लागेना. बायकोने साखळी न काढता दार उघडलं — कोण हवंय, म्हणून विचारलं. मागे छकुली. तिनेही ओळखलं नाही. काही गेलं तरी चालेल, ही पोर माझ्याकडून —

१७ जून
विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. छकुली, वय सहा. डाव्या गुडघ्यावर खूण. दुधावरची साय चालत नाही. रुसली की पलंगाखाली जाऊन बसते. धाकटा मात्र रुसत नाही. थोरल्याला चष्मा लागलाय, त्याची आई म्हणत होती, आज येताना दुकानातून —