ईस्टरनंतरची मोजणी

सोमवार, ३ फेब्रुवारी
बोगद्याच्या तोंडाशी पंखे बघायला गेले होते. वरच्या अंगाला बालवाडी. अंगणात अकरा बाबागाड्या ओळीने. तापमान उणे चार, आणि आत लोकरीत गुंडाळलेली पोरं गाढ! आम्हा नॉर्वेकरांचं पोर दुपारी घरात झोपलं तर लोक विचारतात, बरं नाही का त्याला?
बालवाडीची मुख्य, सोल्फ्रिड, कुंपणाशी आली. "अगं तुरीड, इथली हवा स्वच्छ म्हणणाऱ्या तुझ्या अहवालामुळे मिळालं बरं हे अंगण!"
मी हसले. चक्क हसले.

बुधवार, ५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. बोगद्यातल्या धुळीचा अंदाज काढायला नुसता गाड्यांचा धूर धरून भागत नाही. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टायरला बसवलेले खिळे रस्ता खरवडतात, त्याची बारीक धूळ जास्त. म्हणून शंभर गाड्यांत खिळेवाल्या किती, ते रस्त्यावर उभं राहून मोजायचं. गेल्या मार्चमध्ये मोजायचं होतं. पण ईस्टर! डोंगरातली केबिन, स्की, संत्री. अख्खा देश सुटीवर, मीच काय घोडं मारलंय?
परत येऊन मोजलं. शंभरात सात! ईस्टरनंतर खिळे काढायचे हा कायदाच. पंगत उठल्यावर पाहुणे मोजले मी. आणि वर लिहिलं — 'हिवाळ्यातलं प्रमाण'. ठाऊक असून.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
काही केलं नाही. भित्री.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
काल रजा टाकून मोजलं. शंभरात चौपन्न. धूळ जवळजवळ तिप्पट, मर्यादेच्या बरीच वर. दुसऱ्यांच्या अहवालांत असलं काही सापडलं की मी आठवडाभर टिंगल करते.
साहेबांना, आस्ब्योर्नला, सांगितलं.
"कुणी विचारलंय?"
"नाही."
"मग? बोगदा दोनदा जास्त धुवायला सांगू. झालं!"
"आणि पोरं?"


बुधवार, १२ फेब्रुवारी
दुरुस्त अहवाल नगरपालिकेला धाडला. चूक माझी, असं पहिल्याच ओळीत. प्रत सोल्फ्रिडला. आस्ब्योर्न दिवसभर बोलला नाही. कॉफी मात्र आणून ठेवली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सोल्फ्रिडचा फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अगं, नोव्हेंबरात आम्हीच पोरांना आत घेतलं होतं. नाकं पुसली की रुमाल करडे व्हायचे. नगरपालिकेच्या बाईंनी तुझा अहवाल पुढे ठेवला — म्हणाल्या, उगाच शंका काढू नका. म्हणून परत बाहेर ठेवली."