दुसऱ्याच्या जाळ्याला हात

प्रिय बाबा,

तुला जाऊन हे चौथं वर्ष. आज लिहायला बसले, कारण घोलवडावरून मिलिटरीच्या गाड्या पुन्हा उत्तरेकडे चालल्यात. पोलीस पाटील मघाशीच सांगून गेला, पाकिस्तानशी लढाई लागलीय, दर्यात कुणी जायचं नाही, घरातले दिवे झाका. आणि आपल्या धाकट्या हरीचं डोलीचं जाळं बाहेर भर दर्यात खुंटांना बांधलेलं आहे!

तू गेलास तेव्हाही असंच होतं ना रे? पोर्तुगीजांकडून दमण घ्यायला फौज निघाली होती. बोंबील वाळत होते, पण किनाऱ्यावर एक बाई मोठ्यानं बोलत नव्हती. हुकूम आला तशी सगळ्यांनी जाळी काढून आणली. तू तापानं पडलेला, तुझं तेवढं राहिलं.

गोविंदकाका तुझ्या खुंटाशेजारून स्वतःचं जाळं घेऊन आला. आयनं विचारलं, "भावजी, आमचं पण का नाय आणलंत?"

"वहिनी, मालकानं सांगितल्याबिगर दुसऱ्याच्या जाल्याला हात कसा लावू?"

आणि तू म्हणालास, "बरोबर केलंस, गोविंदा." कसलं डोंबलाचं बरोबर? भरलेलं जाळं फाटेल म्हणून भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबायच्या बेतानं तू तापातच होडी काढलीस.

होडी उंबरगावच्या वाळूत सापडली, रिकामी. गोळी, ताप की लाट? कुणाला विचारणार होतो?

मग दमण सुटलं. आपल्या झाईत पेढे वाटले. आयनं पेढा हातात धरला नि वाटणाऱ्याला विचारलं, "आमचे हे दिसले का कुणाला?"

इंग्रज गेले तेव्हा तू जाळं विणत होतास. उंबरगाव गुजरातेत गेलं तेव्हा म्हणालास, "आता मासळीला गुजराती शिकवा कुणीतरी!" किती हसलो होतो आपण! देशाच्या मोठ्या गोष्टी घडायच्या, आपण आपलं बोंबील वाळवायचो. आता त्यांना आपल्या घराची वाट ठाऊक झालीय, बाबा. मला धास्ती वाटते.

मेला हरी तुझ्याच वळणावर गेलाय. "जालं पाण्यात नि मी घरात बसू?" गोविंदकाका पहाटे बाहेर होता. गाड्या बघून त्यानं आपलं जाळं उचललं, आणि हरीचं पुन्हा तसंच सोडून आला! आज मी त्याला तोंडावर बोलले. म्हातारा रडायला लागला. "तुज्या बापानंच शिकवलं गो मला."

तुझा राग येतो मला. अजून येतो. होडीचं सुकाणू मी काढून आणलंय नि त्याच्यावरच बसलेय. हरी दाराबाहेर शिव्या घालतोय. घरोघर सांगून आलेय, याला होडी द्याल तर तुमच्या उंबऱ्यावर डोकं फोडीन. पाणी थांबायची वेळ झालीच आहे. फाटू दे जाळं.

वचन देते, बाबा. हरी मी कुणाला देणार नाही. तुलासुद्धा नाही.

तुझीच थोरली,
जानकी