चालवून पाहिलं

सर,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटतंय त्यालाही तीच कारण आहे. ती म्हणजे तुमची लाडकी, भिवापूरची. परवा तिचा बंगळुरूहून फोन आला. येत्या शनिवारी आपल्या कॉम्प्युटर विभागात नवी लॅब सुरू होतेय. तिथे काचेच्या कपाटात तुमच्या काळातल्या काही वस्तू ठेवणार आहेत आणि तिने आपली शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची वही द्यायचं कबूल केलंय. "खाली तुझी सही आहे न, मग तुले यायलाच पाहिजे," म्हणाली. मी हो, येते की, म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कणीक इतकी घट्ट मळली की रात्रीच्या पोळ्या कोणाला चावेनात.

सहीची ती पद्धत तुमचीच. मशीन दहा, त्यातली दोन कायम बंद, आणि आम्ही चाळीस जण. चपला दाराबाहेर काढून आत गेलं की एसीचा गारवा लागायचा, तोही आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी. मी घाईघाईने खुर्ची ओढतेय आणि तुम्ही मागे येऊन उभे राहता. "काहून घाई करून राहिली वं? आधी कागदावर चालव. मशीन काय पळून चालली?" मग वहीत पेन्सिलीने रकाने आखायचे, प्रोग्रॅमची एकेक ओळ मनात चालवायची आणि कुठे काय होतंय ते लिहीत जायचं. स्वतःचं झालं की जोडीदाराची वही घेऊन तीही तशीच चालवायची. चूक सापडली नाही तर खाली 'चालवून पाहिलं' असं लिहून सही करायची. त्या सहीशिवाय तुम्ही मशीनला हात लावू देत नव्हता. हजेरीच्या क्रमांकाने माझी जोडी तिच्याशी लागली आणि चारही वर्षं तशीच राहिली.

मी तिच्यावर जळायचे, सर. आता या वयात दुसरा शब्द कशाला शोधू? तिचं अक्षर, तिचं सुचणं, तिचं ते मान तिरकी करून हसणं, सगळं डोळ्यांत खुपायचं. तुम्ही फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि वळून आधी तिच्याकडे पाहायचं. उत्तर मला येत असलं तरी आधी तिच्याकडेच. दिवाळीनंतर आम्ही दोघी तुमच्या घरी गेलो होतो. तिने घरच्या मिरच्या आणल्या होत्या, मी आमच्या नरखेडकडची संत्री. काकूंनी मिरच्या सुपात घेऊन वास घेतला, रंगाचं कौतुक केलं, शेजारणीला बोलावून दाखवल्या. संत्र्यांची पिशवी दाराशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी ती तुम्ही लॅबमध्ये वाटून टाकलीत. नागपुरात संत्र्याचं काय अप्रूप! पण मी आठ किलोंची ती पिशवी एसटीत मांडीवर घेऊन आले होते.

माझ्याबद्दल तुम्ही एकदाच काही म्हणालात. "हिले दुसऱ्याच्या चुका लवकर दिसते. हिनं टेस्टिंगमध्ये जावं." सगळा वर्ग हसला. तिला तुम्ही 'तू लिही' म्हणायचात आणि मला 'तू तपास'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

शेवटच्या वर्षी बंगळुरूच्या एका संस्थेत सहा महिने काम शिकायला तुम्ही एकीचंच नाव पाठवणार होता. प्रोजेक्टची परीक्षा बघून ठरवू, म्हणालात. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी घरी न विचारताच बॅग विकत घेऊन ठेवली होती. तिचा प्रोजेक्ट कॉलेजच्या ग्रंथालयाचा होता: पुस्तकाचं नाव लिहायचं की ते कोणाकडे आहे हे पडद्यावर दिसणार. परीक्षेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या सुट्टीत, मी तिची वही चालवायला घेतली आणि तिसऱ्या पानावर थांबले. कोणी नाव न लिहिता नुसतं एंटर दाबलं, तर प्रोग्रॅम त्याच चार ओळींत फिरत राहणार, बाहेरच येणार नाही. तिचं त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. मी पुन्हा चालवून पाहिलं. तेच.

समोर बसून ती डबा खात होती. माझ्या प्रोजेक्टमधल्या दोन चुका तिने आदल्या आठवड्यात दाखवल्या होत्या, आणि त्या दुरुस्त करेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली होती. "काही सापडलं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही." आणि खाली ते दोन शब्द लिहून सही केली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा प्रोजेक्ट पाहिला, खूश झाले, तीन पुस्तकं शोधली. मग उठता उठता, काहीही न लिहिता, त्यांनी एंटर दाबलं. पडदा गोठला. ती कळा दाबत राहिली, कशालाच दाद मिळेना, शेवटी तिने मशीनच बंद केलं. तिचे कान लाल झाले होते. परीक्षक गेल्यावर तुम्ही तिची वही उघडलीत, तिसऱ्या पानावर बोट ठेवलंत आणि मला व्हरांड्यात बोलावलंत. तुमचा आवाज चढला नव्हता. "तुले हे दिसलं नाही, हे मले पटत नाही," एवढंच बोललात. मी वाकून चपला घालू लागले. तुम्ही वही मिटून आत गेलात.

नाव तुम्ही तिचंच पाठवलंत. "चूक कोणाचीही होते," असं सगळ्यांसमोर तिला म्हणालात. माझ्याबद्दल तुम्ही कोणाला काही सांगितलं नाहीत, आणि पुढे माझ्याशीही त्यावर कधी बोलला नाहीत. ती बंगळुरूला गेली, तिथेच राहिली. आज हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी माणसं तिच्या हाताखाली काम करतात. मी इथेच, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे. टेस्टिंगमध्येच, सर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि माझ्या होकाराशिवाय काही पुढे जात नाही. हुशार समजतात मला तिथे.

माझी मुलगी यंदा आपल्याच विभागात पहिल्या वर्षाला आहे. तिला या बंगळुरूच्या मावशीचं भारी वेड. गेल्या रविवारी दोघी तासभर व्हिडिओ कॉलवर होत्या: हे शिकून पुढे काय काय होता येतं, डेटाचं काम, सुरक्षेचं काम, बँका, गेम, शेतीची यंत्रं. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. शेवटी मी विचारलं, "आणि टेस्टिंग?" मुलगी म्हणाली, "ते आता मशीनच करते न, आई." तिकडून ती हसली नाही. उलट म्हणाली, "तुझ्या आईची सही असली की मी निश्चिंत असायची. त्या प्रोजेक्टमधली चूक इतकी लपलेली होती की तिलेसुद्धा दिसली नाही." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. इतकी वर्षं ती हे असंच मानून बसली आहे. आणि मुलगी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम आधी तिलाच पाठवते. "तू थकून येते न, म्हणून," असं मला सांगते. मी पुन्हा तिथेच, सर, शेजारच्या बाकावर.

शनिवारी मी जाणार आहे. मुलगीही असेल, पाहुण्यांना वह्या दाखवायचं काम तिच्याकडे आहे. वही कपाटात जाण्याआधी तुमच्या लाडकीला बाजूला घेऊन सांगेन म्हणते, की मला ते दिसलं होतं. जमेल की नाही, ठाऊक नाही. कालपासून तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. हा कागद तर कुठे पाठवायचाही नाही, तरी तुमच्यापुढे बसल्यासारखा घाम फुटलाय.

तिला सांगण्यासारखं तेवढं आहे. तुम्हाला ते सांगून काय उपयोग, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. पण एक गोष्ट तुम्हाला कळली नसणार. पडदा गोठला तेव्हा ती तुमच्या समोर उभी होती, रडकुंडीला आलेली, आणि मी मागे दाराशी. तुम्ही वळलात आणि आधी माझ्याकडे पाहिलंत. चार वर्षांत पहिल्यांदा.

मला बरं वाटलं होतं, सर.